लेखनातला दारुडा एकटाच का येतो?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात मी एक विनोदी लेख लिहिला होता. आमच्या गावाहून सकाळी कॉलेजला येणारी एस. टी., तिच्यातली गर्दी, कंडक्टरची आरडाओरड, कोंबड्यांची पाटी घेऊन चढणारी म्हातारी, असा सगळा मसाला त्यात होता. पण लेख खरा रंगला तो एका दारुड्यामुळे. सकाळच्या गाडीत तो झोकांड्या खात चढतो, कंडक्टरला 'साहेब' म्हणून कडक सलाम ठोकतो आणि ज्या गावातून गाडी नुकतीच सुटली त्याच गावाचे तिकीट मागतो. मैत्रिणी फलकापुढे उभ्या राहून तो भाग मोठ्याने वाचत होत्या. एका सरांनी वर्गात शाबासकी दिली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आपले लिहिलेले चार लोकांनी वाचावे आणि हसावे याचा मला फार अभिमान वाटला.

फलकावरून उतरवल्यावर तो कागद मी घरी नेला आणि रात्री आईला वाचून दाखवला. आईला अक्षरओळख नाही. कोंबड्यांच्या पाटीला ती खूप हसली. दारुडा आला तशी ती गप्प झाली. मी शेवटपर्यंत वाचले. मग ती म्हणाली, "चांगलं लिवलंयस. पर पोरी, त्यो गाडीतनं उतरून घरी गेला आसंल न्हवं? तितं कोन हुतं, त्ये न्हाई लिवलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो सलाम, ते 'साहेब' म्हणणे, बसल्या जागी आपल्याच गावाचा रस्ता विचारणे, हे सारे मी आमच्या आबांकडून उचलले होते. कॉलेजात हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आईने मात्र ओळखले.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. रोजच्या वाचनात जेथे जेथे दारू प्यालेल्या माणसाचा उल्लेख येतो, तो टिपून ठेवायचा. वर्तमानपत्र, दिवाळी अंकातले चुटके, पोलिसांचे फलक, सरकारी नमुने, स्नेहसंमेलनातली शेलापागोटी, काहीही वर्ज्य केले नाही. प्रस्तुत लेख त्या वहीवरून लिहिला आहे. थोर साहित्यकृतींची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाही. रोजच्या साध्या लेखनात दारुडा कोणकोणत्या कामाला जुंपला जातो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

शब्दांची उतरंड

आरंभ शब्दांपासूनच करावा लागेल. 'दारू' हा शब्द फारसीतून आला, आणि तेथे त्याचा अर्थ औषध असा आहे. आपण आजही आजाऱ्याची 'दवादारू' करतो, ती या जुन्या अर्थाने. तोफेची आणि फटाक्यांची तीही दारूच. एकाच शब्दात औषध, स्फोटक आणि व्यसन असे तिन्ही अर्थ नांदतात.

पिणाऱ्यासाठी मात्र शब्दांची रेलचेल आहे. दारुडा, बेवडा, पेदाड, मद्यपी, तळीराम. त्याच्या अवस्थेसाठी तर्र, टाइट, टुन्न, टल्ली, फुल्ल. परंतु मला जास्त महत्त्वाची वाटली ती क्रियापदे. मराठीत 'पिणे' हे क्रियापद कर्माशिवाय वापरले की त्याचा अर्थ दारूच होतो. 'तो पितो' म्हटल्यावर काय पितो हे कोणी विचारीत नाही. आता याच्या शेजारी 'घेणे' ठेवून पाहा. 'साहेब थोडी घेतात.' येथे माणूस अनेकवचनी झाला आणि दारूचे नावही गळून पडले. अलीकडे 'बसणे' असाही एक शब्द रूढ आहे. 'शनिवारी बसू या' म्हणजे काय, हे वसतिगृहातल्या मित्रांना सांगावयास नको.

म्हणजे आमच्या आळीतला मजूर 'ढोसतो', कारकून 'पितो', साहेब 'घेतात' आणि त्यांच्याहून मोठे लोक नुसतेच 'बसतात'. पेल्यातला पदार्थ तोच आहे. क्रियापद मात्र माणसाच्या घराकडे आणि कपड्यांकडे पाहून बदलते. मी माझा लेख पुन्हा काढून पाहिला. त्यात मी 'ढोसून आलेला' असे लिहिले होते.

आणखी एक गोष्ट. दारू पिणाऱ्या बाईसाठी आपल्या रोजच्या लेखनात रुळलेला शब्द जवळजवळ नाही. 'दारुडी' असे व्याकरणाने करता येईल, पण ते क्वचितच वाचावयास मिळते. याचे कारण उघड आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू घेतात, स्त्रियांत हे प्रमाण सुमारे १ टक्का आहे. मग या विषयात बाई येते कोठे? ती 'दारुड्याची बायको' म्हणून येते. तिचा उल्लेख षष्ठी विभक्तीने होतो.

तळीरामाची कहाणी

वर्तमानपत्रांचा सर्वांत लाडका शब्द म्हणजे 'तळीराम'. एकतीस डिसेंबर जवळ आला की तळीरामांवर पोलिसांची नजर असते. निवडणुकीसाठी दुकाने बंद राहिली की तळीरामांचे हाल होतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीतली दारूची दुकाने उघडली तेव्हा रांगा लागल्या, त्याही तळीरामांच्याच. मी तेव्हा शाळेत होते, आणि तळीराम हा दारुड्याला जुना मराठी प्रतिशब्द असावा, असेच मला पुष्कळ दिवस वाटत होते.

'एकच प्याला' हे नाटक आम्हांला वर्गात समजावून सांगितले गेले तेव्हा उलगडा झाला. राम गणेश गडकरी यांचे हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली रंगभूमीवर आणले. गडकरी त्याआधीच, २३ जानेवारी १९१९ रोजी, निवर्तले होते. नाटकाचा नायक सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयातील अपमानाने आणि सनद काही काळ रद्द झाल्याने तो खचतो, आणि 'एकच प्याला' म्हणून जो सुरू होतो तो थांबत नाही. त्याची पत्नी सिंधू दळणकांडण करून संसार रेटते. शेवटी मूल जाते, सिंधू जाते, सुधाकरही जातो. सुधाकराच्या हाती पहिला पेला देणारा, 'आर्य मदिरा मंडळा'च्या बैठका रंगवणारा विनोदी माणूस म्हणजे तळीराम.

आता गंमत पाहा. एवढ्या मोठ्या शोकांतिकेतून आपल्या वर्तमानपत्री भाषेने कोणते नाव उचलले? सुधाकराचे उचलले नाही, सिंधूचेही नाही. तळीरामाचे उचलले. शंभर वर्षे झाली तरी ते नाव नवे कोरे आहे. याचे कारण मला असे वाटते की 'दारुडे' हा शब्द मथळ्यात शिवीसारखा दिसतो, 'मद्यपी' जड वाटतो, आणि 'तळीराम' मात्र वाचणाऱ्याच्या ओठांवर हसू आणतो. त्यातून 'तळीराम गार होणे' हा मनासारखे झाल्याच्या अर्थाचा वाक्प्रचारही आपल्या कानांवर असतोच. त्यामुळे शब्दाला एक घरगुती गोडवा आहे.

परंतु त्या हसण्यात एक गोष्ट विसरली जाते. गडकऱ्यांच्या तळीरामालाही घर आहे. त्याला गीता नावाची बायको आहे. तो अंथरुणाला खिळतो, उशाशी वैद्य आणि डॉक्टर वाद घालतात, तो प्रसंगही विनोदीच आहे. पण हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते की माणूस मरणाला टेकला आहे. गडकऱ्यांनी तळीराम लिहिताना गीता गाळली नाही. मथळ्यात ती गाळली गेली.

हसवणारा दारुडा

चुटक्यांतला दारुडा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाशी बोलतो, दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावतो, पोलिसालाच पत्ता विचारतो. हिंदी चित्रपटात हे काम जॉनी वॉकर यांनी अजरामर केले. मुळात ते मुंबईत बसकंडक्टर होते. पडद्यावरचे नावच एका व्हिस्कीवरून घेतलेले, आणि स्वतः मात्र दारूला न शिवणारे, अशी त्यांची ख्याती होती.

आपण दारुड्याला का हसतो? त्याचे पाय आणि जीभ त्याच्या ताब्यात नसतात, आणि तरीही आपण पूर्ण शुद्धीवर आहोत अशी त्याची खात्री असते. या विसंगतीत विनोद आहे, हे मान्य केले पाहिजे. शास्त्र असे सांगते की शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ राखणाऱ्या लहान मेंदूवर दारूचा परिणाम होतो, म्हणून पाऊल वाकडे पडते आणि शब्द जड होतात. विनोदी लेखक ज्याला झोकांडी म्हणतो, ते डॉक्टरांच्या दृष्टीने लक्षण आहे.

या विनोदी दारुड्याचा एक चांगला उपयोगही माझ्या वहीत आहे. तो खरे बोलतो. गावच्या पुढाऱ्याला शुद्धीवरचा माणूस जे तोंडावर सांगू शकत नाही, ते चुटक्यातला दारुडा बिनधास्त सांगून टाकतो. लिहिणारा स्वतःची जबाबदारी त्याच्या तोंडात घालून मोकळा होतो. सत्य बोलले जाते, आणि कोणी रागावलेच तर 'अहो, तो प्यालेला होता' म्हणून सुटका होते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. एखाद्याच्या खऱ्या तक्रारीला उत्तर द्यावयाचे नसेल तर 'पिऊन लिहिलेय काय?' एवढे विचारले की पुरते. त्या माणसाने थेंबही घेतलेला नसतो. पण दारुड्याशी नाते जोडले की त्याचे म्हणणे तेथेच निकालात निघते.

अलंकारातला दारुडा

काही ठिकाणी दारू अजिबात नसते, नुसता तिचा अलंकार असतो. 'सत्तेची झिंग', 'पैशाची नशा', 'यशाची धुंदी' हे शब्दप्रयोग अग्रलेखात नेहमी भेटतात. यात नवे काही नाही. 'मद्य' हा शब्द ज्या 'मद्' धातूपासून झाला, त्याच धातूपासून मद, मत्त, उन्मत्त, उन्माद आणि प्रमाद हे शब्द झाले. षड्रिपूंमधला मद हा गर्वाचा वाचक आहे. आपण निबंधात 'प्रमाद घडला' असे गंभीरपणे लिहितो, तेव्हा त्या शब्दाच्या मुळाशी भान सुटलेला माणूस उभा असतो.

भान सुटणे नेहमी निंद्यच मानले जाते असेही नाही. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात सिद्ध पुरुषाला चक्क मद्यप्याची उपमा दिली आहे. मद्याने अंध झालेल्याला अंगावरचे वस्त्र आहे की गळून पडले याचे भान नसते, तसे सिद्धाला देहाचे भान नसते, असा तिचा भाव आहे. याच स्कंधावर एकनाथांनी मराठी टीका लिहिली. पुढे माधव जूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या आणि प्याला, साकी, मदिरा ही मंडळी आपल्या कवितेत प्रतिष्ठेने वावरू लागली. २०१६ साली 'सैराट' चित्रपट आला, आणि 'झिंगणे' या क्रियापदापासून झालेले 'झिंगाट' हळदीच्या मांडवात आजी आणि नात मिळून नाचण्याइतके सोवळे झाले.

बोलीनेही आपला वाटा उचलला आहे. हातभट्टीवर प्रथम उतरते ती 'पहिल्या धारेची', सर्वांत कडक. आता विनोदही पहिल्या धारेचा असतो आणि प्रेमही पहिल्या धारेचे असते. 'पावशेर' आणि 'नवटाक' ही शेराच्या चौथ्या आणि आठव्या भागाची मापे. दशमान पद्धतीने ती वाण्याच्या दुकानातून हद्दपार केली, पण गुत्त्यावरच्या बोलीत ती टिकून राहिली.

अलंकारातल्या दारूबद्दल माझी तक्रार नाही. तिने कोणाचे घर बुडत नाही. मात्र एक जाणवते. सत्तेच्या झिंगेत असलेल्या माणसाला आपण झिंगेबद्दल दोष देतो. खरोखर झिंगलेल्या माणसाला मात्र लेखनात पुष्कळदा तीच झिंग सबब म्हणून मिळते. ते कसे, हे आता पाहू.

'दारूच्या नशेत'

गुन्ह्यांच्या बातम्यांत हा शब्दप्रयोग इतका ठरलेला आहे की तो वाचला जातो असेही म्हणता येणार नाही. दारूच्या नशेत पत्नीला मारहाण. दारूच्या नशेत भावावर वार. या वाक्यांत कर्ता कोण आहे? व्याकरणाने पती आहे, भाऊ आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात जे कारण ठसते ते नशा. माणूस बाजूला सरकतो आणि बाटली पुढे येते. आमच्या आळीतही हेच ऐकू येते : "तो चांगलाय हो, दारू वाईट." सकाळी हे वाक्य म्हटले की रात्रीचा हिशेब मिटतो.

कायदा मात्र इतका भोळा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८५ आणि ८६ यांत याचा विचार केला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम २३ आणि २४ मध्ये तो तसाच आहे. कोणाला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध दारू पाजली गेली आणि त्याला आपण काय करतो हेच कळेनासे झाले, तर गोष्ट वेगळी. आपल्या हाताने पेला उचललेल्याला मात्र नशेची सबब सांगून सुटता येत नाही. जी सवलत कायदा देत नाही, ती आपल्या बातमीची भाषा नकळत देऊन टाकते, याचा आपण विचार केला पाहिजे.

बातमीतला दारुडा आणखी एका रूपात येतो, तो म्हणजे आकडा. १९९१ साली मुंबईत विक्रोळीला आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसे दगावली. मालवणीत मेलेल्यांची संख्या शंभरावर गेली. आदल्या दिवशी जे 'बेवडे' होते ते दुसऱ्या दिवशी 'बळी' झाले. मृत्यूने त्यांना प्रतिष्ठा दिली म्हणावे, तर तीही आकड्यातच. शंभरावर माणसे म्हणजे शंभरावर दारे, आणि त्या दारांमागे कोणी ना कोणी जागे असणार, हे त्या आकड्यात दिसत नाही.

रूक्ष कागदांचा प्रामाणिकपणा

माझ्या वहीतला सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष सरकारी कागदांविषयी आहे. आपण त्यांची थट्टा करतो. परंतु दारू प्यालेल्या माणसाचा सर्वांत कमी अपमान मला तेथेच आढळला. संशयिताची वैद्यकीय तपासणी होते तेव्हा डॉक्टर श्वासाचा वास, बोलणे, चाल आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहून नोंद करतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये तर नुसता आकडा आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा. हा आकडा साहेबांना आणि मजुराला एकच आहे. तेथे कोणी 'घेत' नाही आणि कोणी 'ढोसत' नाही. जे दिसले, जे मोजले, तेवढेच लिहिले जाते. विनोदी लेखकाने त्या कागदाकडून शिकावे असे थोडेफार आहे.

आणि एक कागद असा आहे की ज्याच्यावर माझ्या आईसारखी बाईही लिहू शकते. आपल्या राज्यात गावातले किंवा वॉर्डातले दारूचे दुकान बंद करावे अशी स्त्रियांनी रीतसर मागणी केली, तर त्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकानाला कुलूप लागते. मतदानाला न आलेल्या बाईचे मतही जणू दुकानाच्या बाजूने धरले जाते, त्यामुळे ही लढाई सोपी नाही. तरीही दारुड्याविषयीच्या एवढ्या सगळ्या लेखनात, दाराच्या आतल्या माणसाने केलेली खूण मला या मतपत्रिकेवरच दिसली.

घरासह दारुडा

घर न गाळता दारूविषयी लिहिता येते का? येते. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले आणि त्यानंतर आलेल्या दलित व भटक्या-विमुक्त लेखकांच्या आत्मकथनांनी हे करून दाखवले. त्यांतली पिणारी माणसे कोणाचे तरी बाप आहेत, ती राबतात, माया करतात, मारतात आणि खंगतात. वाचताना कधी हसूही येते. पण लिहिणारा त्या घरातला असल्यामुळे ते हसू बाहेर उभे राहून केलेले नसते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राचे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. तेथे उपचारासाठी आलेल्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. एक शब्द बदलल्याने व्यसन सुटत नाही, हे मलाही कळते. पण दारुडा म्हटले की माणसाला बाहेर काढावेसे वाटते, आणि रुग्ण म्हटले की आत घ्यावेसे वाटते. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि आज आपल्याकडेही तिच्या सभा भरतात. तिच्या सभेत माणूस उठून स्वतःचे पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी आहोत हे स्वतःच सांगतो. जो शब्द दुसऱ्याने फेकला तर दगडासारखा लागतो, तोच त्याने स्वतः उच्चारला की बरे होण्याची सुरुवात ठरतो. म्हणजे केवळ शब्द कोणता एवढे पाहून चालणार नाही. तो कोण वापरतो आणि कशासाठी, हेही पाहिले पाहिजे.

शेवटी

दारुड्यावर विनोद करूच नये, असे सांगण्यासाठी मी हा लेख लिहिला नाही. मलाही अजून त्या चुटक्यांना हसू येते. घरातही आम्ही हसलो आहोत. आबांनी एकदा रात्री शेळीला 'वैनी' म्हणून जेवायला बोलावले, तेव्हा आईही तोंडाला पदर लावून हसली होती. पण त्याच रात्री दाराची कडी कोणी काढली, दुसऱ्या दिवशीचा रोज कसा बुडाला आणि माझ्या परीक्षेच्या फीचे पैसे कोणत्या डब्यातून कोणत्या डब्यात लपवले गेले, हे त्या हसण्याच्या शेजारीच होते. माझ्या भित्तिपत्रकातल्या लेखात मी यातला एकच भाग उचलला, कारण त्याला हशा मिळतो हे मला इतरांचे वाचून ठाऊक झाले होते.

आबांनी गेल्या दिवाळीपासून घेतलेली नाही. पुढचे कोणी सांगावे? हा लेख मासिकाकडे देण्यापूर्वी मी त्यांना सबंध वाचून दाखवला. शेळीचा भाग आला तेव्हा ते खाली मान घालून हसले. पुढचे ऐकताना हसले नाहीत. वाचून झाल्यावर मी विचारले, "देऊ का छापायला?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दे की. खोटं काय हाय त्यात?" आणि थोड्या वेळाने, "तुज्या मास्तरांनी वाचलं तर काय म्हनतील गं?" मी म्हटले, "काही म्हणणार नाहीत, आबा." गुरुजनांनी माझा हा शब्द राखावा, अशी विनंती आहे.

मित्रमैत्रिणींना एकच सांगणे. स्नेहसंमेलन जवळ आले आहे आणि शेलापागोट्यांची पेटी लवकरच ग्रंथालयाबाहेर ठेवली जाईल. दरवर्षी तिच्यात कोणाच्या तरी नावाने तळीरामाची एक चिठ्ठी असतेच. ती टाकू नका असे मी म्हणणार नाही. लिहून झाल्यावर एकदा माझ्या आईचा प्रश्न स्वतःला विचारा, आणि मग वाटले तर टाका.